जुन्या टीव्हीवर स्टिक सारखी बंद पडते? नवी घ्यायच्या आधी टीव्हीची पाठ बघा

आधीच सांगतो, मी टीव्ही मेकॅनिक नाही. पण आमच्या खानदानात कुणाकडेही टीव्हीचं काही झालं की फोन मलाच येतो आणि फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं, "अरे ती स्टिक गेली वाटतं, आता कुठली घेऊ?" स्टिक म्हणजे टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खुपसायची ती छोटी वस्तू, फायर टीव्ही स्टिक वगैरे, जिच्यामुळे टीव्हीवर नेटवरचे सिनेमे आणि यूट्यूब दिसतं. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा स्टिक ठणठणीत असते आणि गडबड असते ती स्टिक आणि टीव्हीच्या मधे कुठेतरी. माझ्या एका मावसभावाने तर दोन स्टिक बदलल्या होत्या आणि तिसरी ऑर्डर करायच्या बेतात होता, शेवटी निघालं काय तर चार्जर. म्हणून सगळं एकदा लिहूनच ठेवतो, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवून देईन.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं आहे ते ठरवा, कारण इलाज त्यावर आहे.

- लोगो येतो, थोडा वेळ बरं चालतं, मग स्क्रीन काळी आणि परत लोगो. पिक्चर रंगात आला की हमखास.
- टीव्हीवर नुसतं "नो सिग्नल".
- चित्र येतं पण आवाज नाही, तेही एखाद्याच ॲपमध्ये.
- कडा कापल्या जातात, मॅच लावली तर खालचा स्कोअर अर्धाच दिसतो.
- मेनू दिसतो, यूट्यूब चालतं, पण पैसे भरलेल्या ॲपमधला सिनेमा लावला की अंधार.
- गोल गोल फिरत बसतं.
- जुन्या पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर वर सरकत राहतं.

करंट कुठून घेतलाय?

इथूनच सुरुवात करायची, कारण फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं. जुन्या एलसीडी-एलईडी टीव्हीला मागे यूएसबीचा पोर्ट असतो आणि लोकांना वाटतं वा, स्टिकची वायर इथेच खुपसली की वर प्लग पॉइंट नको आणि वायरही लोंबकळत नाही. दिसायला छान दिसतं. पण तो पोर्ट पेनड्राइव्ह लावून लग्नाचे फोटो बघायला दिलेला असतो. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ५ व्होल्टला म्हणजे अडीच वॅट. साध्या स्टिकसोबत जो अडॅप्टर येतो तो असतो १ अँपिअरचा, म्हणजे पाच वॅट, दुप्पट. नुसता मेनू दाखवायला अडीच वॅटमध्ये भागतं, पण व्हिडिओ सुरू झाला आणि वायफाय जोरात चालायला लागलं की स्टिक जास्त ओढायला बघते, पोर्टला ते झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि स्टिक मान टाकते. म्हणूनच लोक म्हणतात ना की मेनूत काही होत नाही, पिक्चर लावला की जाते, ते खरंच आहे.

दुसरं म्हणजे टीव्ही बंद केला की बहुतेक टीव्हींचा तो पोर्टही बंद होतो. म्हणजे स्टिक रोज सकाळी झोपेतून नाही तर शून्यापासून उठते, आणि अपडेट चालू असताना कुणी टीव्ही बंद केला तर ते अर्धवट लटकतं.

साताऱ्याला मावशीकडे हाच कमी करंटचा प्रकार. तिने पोर्टला लावली नव्हती, भिंतीतल्या प्लगलाच होती, म्हणून मी तासभर भलतीकडेच शोधत बसलो. मग अडॅप्टर काढून मोबाईलच्या टॉर्चने त्यावरची बारीक अक्षरं वाचली तर आउटपुट ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर. काकांच्या जुन्या बटणाच्या फोनचा चार्जर. "मावशी, हिच्यासोबत आलेला अडॅप्टर कुठंय?" तर माळ्यावरून स्टिकचा खोका आला, रबरबँड लावलेला, आत अडॅप्टर प्लॅस्टिकसकट. "चांगला होता रे, म्हणून जपून ठेवला." लावला, त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही बंद पडलेली नाही.

ओरिजिनल अडॅप्टर सापडत नसेल तर घरातला कुठलाही चांगल्या कंपनीचा, ५ व्होल्टला किमान १ अँपिअर देणारा मोबाईल चार्जर लावून बघा, फोर-के वाली स्टिक असेल तर २ अँपिअरचा लावा. बऱ्याच जणांना भीती वाटते की मोठा चार्जर लावला तर स्टिक जळेल. नाही जळत. व्होल्ट बरोबर असले की झालं, चार्जर करंट ढकलत नाही, स्टिकला लागतो तेवढाच ती ओढते. फक्त वायर सोबत आलेलीच वापरा, ती लांब बारीक स्वस्तातली केबल असते ना तिच्यात व्होल्टेज वाटेतच पडतं आणि मग चांगला चार्जर लावूनही तेच रडगाणं. विकत घ्यायची वेळ आली तर दोन-चारशेचं काम आहे, बीआयएसचा शिक्का आणि "आर"पासून सुरू होणारा नोंदणी नंबर छापलेला आहे का तेवढं बघून घ्या.

काढा, थांबा, परत लावा

हसू नका. रिमोटने बंद-चालू करणं वेगळं आणि भिंतीतलं बटण बंद करून दोन मिनिटं थांबणं वेगळं. आधी टीव्ही चालू करायचा, मग स्टिक. एचडीएमआयने जोडलेली दोन यंत्रं चालू होताना एकमेकांची ओळख करून घेतात, तुला किती मोठं चित्र झेपतं, तू मान्य केलेला टीव्ही आहेस का वगैरे, आणि जुने टीव्ही या ओळखीच्या कार्यक्रमात कधीकधी अडकतात.

"नो सिग्नल" असेल तर रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून सगळे एचडीएमआय फिरवून बघा. केबलवाल्याचा माणूस येऊन सेटटॉप बॉक्सची पिन इकडची तिकडे करून जातो आणि घरच्यांना पत्ता नसतो. अजून एक, जुन्या टीव्हीची पाठ फुगीर असते आणि पोर्ट आत खोल, त्यात टीव्ही भिंतीला चिकटवलेला, मग स्टिक तिरकी बसते, पूर्ण आत जात नाही. त्यासाठीच खोक्यात ती बोटभर लांबीची एक्स्टेंशन वायर दिलेली असते जी सगळे जण तशीच टाकून देतात. ती लावा. स्टिक टीव्हीच्या पत्र्यापासून थोडी लांब आली की वायफायही सुधारतं, आणि तापतेही कमी.

मग शेजारच्यांकडे जा. खरंच सांगतो, या एका गोष्टीने अर्धा गुंता सुटतो. तुमची स्टिक तुमच्याच अडॅप्टरसकट त्यांच्या टीव्हीला लावा. तिथे नीट चालली तर स्टिक निर्दोष, टीव्हीकडे बघा. तिथेही तेच झालं तर टीव्हीला शिव्या देणं थांबवा.

चित्र झेपत नाहीये

शेजाऱ्यांकडे चालते आणि आपल्याकडे काळी, याचं एक कारण रेझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं आहे ते. आपल्याकडे ज्यावर "एचडी रेडी" लिहून विकले ते ३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ बाय ७६८ चे आहेत. स्टिकने १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र पाठवलं तर यातले पुष्कळसे टीव्ही ते लहान करून दाखवतात, पण काहींना तेही जमत नाही आणि दुसऱ्या नव्या टीव्हीवरून काढून आणलेली स्टिक असेल तर ती तिकडच्याच सेटिंगवर अडून बसते. स्क्रीनच काळी असताना सेटिंगमध्ये जाणार कसं? फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंड ही दोन बटणं एकदम दहा सेकंद दाबून धरा. स्टिक एकेक रेझोल्यूशन लावून दाखवत जाते, चित्र दिसलं की मधलं बटण दाबायचं. ७२०पी वर ठेवलं तरी ३२ इंचाला दहा फुटांवरून काही फरक कळत नाही, मनाला लावून घेऊ नका.

कडा कापल्या जात असतील तर तो बिघाड नाहीच. जुने टीव्ही चित्र मुद्दाम थोडं ताणून कडा बाहेर टाकतात, अँटेनाच्या काळातली सवय. टीव्हीच्याच पिक्चर साइझच्या मेनूत जा, सॅमसंगला "स्क्रीन फिट", एलजीला "जस्ट स्कॅन", सोनीला "फुल पिक्सेल" असं काहीतरी मिळेल. नाहीच मिळालं तर स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र आत ओढायची सोय असते.

आवाज नाही, पण यूट्यूबला येतो, असं असेल तर स्टिक डॉल्बी नावाच्या फॉरमॅटमधला आवाज पाठवते आहे आणि तुमच्या टीव्हीला ती भाषा समजत नाही. फायर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले आणि साउंड, तिथे ऑडिओ, त्यात सराउंड साउंड "पीसीएम" करा. एवढंच. यासाठी एका गृहस्थांनी साउंडबार घेतलेला मी बघितलाय.

मेनू दिसतो, सिनेमा दिसत नाही

हे जरा समजून घ्या. पैसे भरायच्या ॲप्समध्ये व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयमध्ये एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. स्टिक टीव्हीला विचारते किल्ली आहे का, उत्तर आलं नाही तर चित्र अडवते. मेनू आणि यूट्यूबवरचं बरंचसं त्या कुलपात नसतं म्हणून ते दिसतं. एचडीएमआय असलेल्या बहुतेक जुन्या टीव्हींकडे या कुलपाची जुनी किल्ली असते आणि साध्या एचडीला ती चालते, २.२ ची नवी किल्ली लागते ती फोर-के साठी. मग अडतं कुठे? मधे घुसवलेल्या वस्तूत. एकाचे दोन करणारा स्प्लिटर, स्वस्तातला स्विच, किंवा एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर. निळ्या व्हीजीए पोर्टला किल्ली-बिल्ली काही नसते, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरचा टीव्ही करायला निघालेले इथे येऊन थांबतात. मधलं सगळं काढा आणि स्टिक थेट टीव्हीत लावून बघा. थेट लावूनही तेच आलं तर दुसरा एचडीएमआय पोर्ट, आणि वर सांगितलेलं दोन मिनिटांचं बंद-चालू.

नेट

"नेट फुल आहे" असं सांगतात ते मोबाईलवर बघून, स्टिकपाशी किती येतंय ते कुणी बघत नाही. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने ७२०पी ला ३ आणि १०८०पी ला ५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे फार नाही लागत. राउटर आतल्या खोलीत असेल तर स्टिक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून २.४ च्या वायफायवर आणून बघा, तो सिग्नल भिंतींमधून जास्त लांब जातो. जांभ्या दगडाच्या भिंती असलेल्या घरात तर राउटर हलवल्याशिवाय पर्यायच नाही, कोकणातल्या आमच्या घरी मी तो शेवटी माजघराच्या खुंटीला टांगलाय.

गावाकडे अजून एक गोष्ट मी चार-पाच ठिकाणी बघितली, स्टिक मुलाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते. एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो. रोजचं दीड जीबीचं पॅक असेल तर अर्ध्या तासात कारभार आटोपला, पुढे स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आणि स्टिक गोल फिरत बसते. मग रात्री बारानंतर आपोआप "दुरुस्त" होते, कारण नवीन दिवसाचा डेटा मिळतो! असं वेळेवर बरं होणारं दुखणं असेल तर स्टिकला हात लावू नका. ॲपमधली व्हिडिओ क्वालिटी खाली आणा.

आणि मेमरी. साध्या स्टिकमध्ये ८ जीबीच असते, त्यातली बरीच सिस्टिमने धरलेली. नातवंडांनी टाकलेले गेम काढून टाका, दोन वर्षं न उघडलेली ॲप्स काढा, सरळ फरक पडतो.

आता पैसे खर्च करायचे असतील तर

टीव्हीची पाठ बघा म्हणतोय ते यासाठी. मागे एचडीएमआय आहे आणि टीव्ही एचडी रेडी किंवा फुल एचडी आहे, मग साधी एचडी स्टिक घ्या, विषय संपला. फोर-के वाली लावली तरी चालते पण चित्र फोर-के होणार नाही, तिच्यात बऱ्याचदा रॅम जास्त असते म्हणून मेनू जरा चपळ चालतो, त्यासाठी वरचे पैसे द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आईसाठी दिले, कारण अडकलं की ती सगळी बटणं एकदम दाबते.

जुना स्मार्ट टीव्ही आहे आणि त्यातली ॲप्स बंद पडलीत, तर टीव्ही बाद झाला असं नाही. कंपन्या जुन्या सिस्टिमला ॲप देणं बंद करतात, नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर तेच केलं होतं. पडदा चांगला असेल तर स्टिक लावा आणि अजून पाच वर्षं काढा.

ते बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मात्र नको. खोक्यावर आठ-के लिहिलेलं असतं आणि व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या वाइडवाइन नावाच्या कुलपाचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट नसतं, म्हणजे ॲप उघडतं पण ४८०पी मध्ये, एचडीचे पैसे भरून धुरकट चेहरे बघत बसा.

आणि मागे फक्त पिवळी-लाल-पांढरी पिन, म्हणजे एव्ही असेल, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला डबा? तिथे आधी तुमच्या डीटीएच किंवा केबलवाल्याला विचारा, त्यांच्याकडे एव्ही आउटवाला अँड्रॉइड बॉक्स आहे का, तो सगळ्यात सुटसुटीत. नसेल तर एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर, चार-पाचशेची डबी. घेताना नाव नीट वाचा, एव्ही ते एचडीएमआय ही दिसायला अगदी तशीच पण उलटी वस्तू आहे आणि निम्मे लोक तीच घेऊन येतात. या डबीलाही वेगळा ५ व्होल्टचा करंट लागतो. आणि डबीच्या कडेला नखाएवढा एक खटका असतो, पाल आणि एनटीएससी. आपला टीव्ही पालचा, खटका एनटीएससीवर राहिला की चित्र काळं-पांढरं येतं किंवा सरकतं. नखाने इकडून तिकडे, झालं. सगळं जमलं तरी स्पष्टच सांगतो, रुंद चित्र चौकोनी पडद्यात दाबलं जातं, चेहरे लांबोडके दिसतात आणि मेनूतली अक्षरं वाचता येत नाहीत. आजोबांना कीर्तन ऐकायचं असेल तर ठीक, सिनेमासाठी मी नाही लावून देत.

इथे थांबा

टीव्हीला किंवा केबलच्या पिनेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढचं सगळं बंद. भिंतीतलं बटण बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. केबलच्या वायरीतून करंट येण्याचे प्रकार होतात आणि त्यात एचडीएमआय पोर्ट तर जातोच, माणसाचंही काही खरं नाही. अडॅप्टर हातात धरवत नाही इतका तापतोय, जळका वास येतोय, तरी तेच. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की स्टिक, राउटर, टीव्ही सगळ्यांचे प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

डबा टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. प्लग काढला तरी नाही. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या पुढे लागतात आणि टीव्ही बंद केल्यावरही तो चार्ज आत राहू शकतो. यूट्यूबवर बघून केलं म्हणणारे भेटतात, ऐकू नका.

स्टिक शेजाऱ्यांकडे चालते आणि तुमच्या टीव्हीच्या एकाही एचडीएमआयवर स्टिक तर नाहीच, सेटटॉप बॉक्सही दिसत नाही, म्हणजे पोर्ट नाहीतर टीव्हीच्या आतलं कार्ड (मुख्य सर्किट बोर्ड) गेलं. हे घरी होणारं काम नाही, टेक्निशियनच लागेल. नंबर इंटरनेटवर शोधून जो पहिला येईल त्याला लावू नका, टीव्हीच्या पुस्तकातला किंवा कंपनीच्या साइटवरचा घ्या. स्टिकच्या बाबतीतही, "ॲक्टिव्हेशनचे पैसे" मागणारा फोन आला की ठेवून द्या, स्टिक रजिस्टर करायला पैसे लागत नाहीत.

टेक्निशियनला फोन करताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर सांगा, कुठकुठले पोर्ट तपासले ते सांगा आणि कार्डाची किंमत घरी यायच्या आधीच विचारा. नव्या ३२ इंची टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या वर कार्ड जात असेल तर मी कार्ड नाही बदलत. स्टिक काढून नव्याला लावायची, अडॅप्टरसकट.